वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्ह सीटची तपासणी आणि दुरुस्ती

सिलिंडर हेडच्या कामाबद्दल आलेल्या पत्रांतले निम्म्याहून जास्त प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात : व्हॉल्व्ह घासले, तरी कॉम्प्रेशन का आले नाही? म्हणून या वेळचे सदर सीटसाठीच, म्हणजे मिटताना व्हॉल्व्ह हेडमधल्या ज्या गोल कडेवर टेकतो तिच्यासाठीच, ठेवले आहे. खाली दिलेली मापे नेहमीच्या गाड्यांना लागू पडणारी आहेत. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर तोच धरा.

प्रश्न : चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे. तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन 7 बार भरते, बाकीच्या तिघांचे 12 बारच्या आसपास. मेकॅनिक म्हणतो, हेड उतरवा. सीट गेली आहे की दुसरे काही, हे हेड न काढता कळेल का?

उत्तर : बरेचसे कळते. सर्वांत कमी भरणारा सिलिंडर सर्वांत जास्त भरणाऱ्याच्या 75 टक्क्यांच्या खाली नसावा, असा ढोबळ नियम आहे. तुमचा 58 टक्क्यांवर आहे, तेव्हा दोष नक्की आहे. तरी हेडला हात लावण्याआधी इंजिन पूर्ण थंड असताना त्या सिलिंडरचे टॅपेट गॅप, म्हणजे मिटलेला व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम किंवा रॉकर यांच्यात ठेवलेली फट, बघा. गॅप शून्य असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. अशा वेळी गॅप बरोबर करून इंजिन थोडे चालवा आणि पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. सीट जळण्याआधी हे लक्षात आले असेल, तर काम तिथेच संपते.

गॅप बरोबर असूनही आकडा तोच असेल, तर प्लगच्या भोकातून साधारण 5 मिलि इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगांकडे बघा. जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. त्यापुढची चाचणी हवेची. तो पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीवर, म्हणजे सर्वांत वरच्या टोकाला, आणून प्लगच्या भोकातून हवा भरा आणि कान लावा. थ्रॉटल बॉडीतून सूं आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह गळतो, सायलेन्सरच्या टोकाशी आला तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅसकेट किंवा हेडला चीर. शेजारच्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून हवा येत असेल, तर दोन सिलिंडरमधली गॅसकेटची पट्टी जळली आहे.

हवा भरताना क्रँकच्या बोल्टवर पाना लावून ठेवू नका. पिस्टन टीडीसीपासून किंचित जरी सरकलेला असला, तरी क्रँक झटक्यात फिरतो आणि तो पाना हातावर किंवा तोंडावर येतो.

आणखी एक गोष्ट. कार्बनचा एखादा कपचा सीटवर अडकला, तरी हेच आकडे दिसतात. हवेची चाचणी एकदा करून थांबू नका. इंजिन चालवून दुसऱ्यांदा करा आणि दोन्ही वेळा आवाज त्याच ठिकाणी आला तरच हेड उतरवा.

प्रश्न : हेड काढले आहे, व्हॉल्व्ह मोकळे केले आहेत. आता सीटमध्ये नेमके काय बघायचे? डोळ्यांना तर सगळ्या सारख्याच काळ्या दिसतात.

उत्तर : सीट बघण्याआधी गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती, बघा. बहुतेक चुका इथेच होतात. सीट कापणारा कटर असो की दगड, तो गाईडमध्ये बसवलेल्या पायलट नावाच्या दांड्याभोवती फिरतो. गाईड झिजून तोंडाशी अंडाकृती झाले असेल, तर पायलट कलतो आणि नवी सीटही तितकीच कलती निघते. त्यात नवा व्हॉल्व्ह टाकूनही उपयोग होत नाही.

गाईडचा आतला व्यास स्मॉल होल गेजने वर, मधे आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना घ्या. एक दिशा रॉकरचा किंवा कॅमचा रेटा पडतो ती, दुसरी तिच्या काटकोनात. स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी, मायक्रोमीटरने मोजा. गाईडच्या आत न जाणारा स्टेमचा भाग न झिजलेला असतो, तुलनेला तोच धरा. इनटेकला 0.02 ते 0.06 मिमी आणि एक्झॉस्टला 0.03 ते 0.07 मिमी मोकळीक साधारण ठीक. इनटेकला 0.10 आणि एक्झॉस्टला 0.12 मिमीच्या पुढे गेली, तर गाईड बदलायचे. व्हॉल्व्ह सीटपासून 10 मिमी उचलून त्याच्या डोक्याला डायल गेज लावून हलवण्याची पद्धतही चालते. मात्र तिथे तरफेमुळे आकडा खऱ्या मोकळिकीपेक्षा मोठा येतो, म्हणून तो वरच्या आकड्यांशी ताडू नका. त्या पद्धतीसाठी मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेशीच ताडा.

मग व्हॉल्व्ह. फेस (सीटवर टेकणारा तिरपा भाग) आणि वरचा सपाट भाग यांच्यामधली उभी कड, म्हणजे मार्जिन, इनटेकला 0.8 मिमीपेक्षा आणि एक्झॉस्टला 1 मिमीपेक्षा कमी उरली असेल, तर व्हॉल्व्ह बाद. पातळ कड लाल होते, मिश्रण वेळेआधी पेटवते आणि स्वतःही जळते. स्टेम व्ही-ब्लॉकवर फिरवून फेसवर डायल गेज धरा. 0.05 मिमीपेक्षा जास्त लपका, म्हणजे फिरताना गेजवर दिसणारा फरक, असेल, तर व्हॉल्व्ह वाकला आहे.

आता सीट. कार्बन काढून, रॉकेलने धुऊन, कोरडी करून उजेडात तिरपी धरून बघा. चार गोष्टी दिसायला हव्यात.

एक, मॅट राखाडी पट्टा पूर्ण वर्तुळात अखंड आहे का. एखाद्या बाजूला तो काळा किंवा चकचकीत तुटलेला असेल, तर तिथून वायू निसटत होता. एक्झॉस्टला असे दुर्लक्ष झाले की, निसटणारी ज्वाला त्या जागी आरपार चर कोरते. मग व्हॉल्व्ह आणि सीट दोन्ही जातात.

दोन, पट्ट्याची रुंदी. इनटेकला 1 ते 1.5 मिमी, एक्झॉस्टला 1.5 ते 2 मिमी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्यातली बहुतेक उष्णता, ढोबळमानाने तीन चतुर्थांश, सीटमधूनच हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. उरलेली स्टेम आणि गाईडमधून. पट्टा फार अरुंद असेल तर व्हॉल्व्ह थंड होत नाही. फार रुंद असेल तर स्प्रिंगचा तोच दाब मोठ्या जागेवर पसरतो, कार्बन चिरडला जात नाही, मधे अडकून राहतो आणि गळती सुरू होते.

तीन, पट्टा व्हॉल्व्हच्या फेसवर कुठे पडतो. तो फेसच्या मध्यावर किंवा किंचित बाहेर हवा, पण बाहेरच्या कडेपासून निदान अर्धा मिमी आत.

चार, खड्डे आणि चिरा. हातानेच उतरतील असे बारीक ठिपके वेगळे, आणि नखाला अडणारे खड्डे वेगळे. दोन सीटच्या मधल्या पुलावर किंवा सीट आणि प्लगच्या भोकामध्ये चीर दिसली, तर काम थांबवा आणि हेड प्रेशर टेस्टला द्या. सीट कापून ती चीर जात नाही.

शेवटी एककेंद्रीपणा. पायलटवर बसणाऱ्या डायल गेजने सीटभोवती फिरवून 0.05 मिमीच्या आत यायला हवे. गेज नसेल तर मार्किंग ब्लूचा, म्हणजे संपर्क दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, अगदी पातळ हात व्हॉल्व्हच्या फेसवर द्या, व्हॉल्व्ह गाईडमध्ये घालून सीटवर एकदाच दाबा आणि उचला. फिरवू नका. फिरवला की रंग पसरतो आणि खोटी अखंड रेघ दिसते. सीटवर पूर्ण वर्तुळ उमटले, तर सीट आणि गाईड एका रेषेत आहेत.

प्रश्न : सीट आणि व्हॉल्व्ह पेस्ट लावून चांगले तासभर घासले. आरशासारखे झाले, पण इंजिन गरम झाल्यावर आयडलला थरथरते. पेस्टने घासणे पुरेसे नसते का?

उत्तर : तासभर घासले, यातच उत्तर आहे. लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून घासणे, हे कापून-घासून आणलेल्या सीटवर शेवटचा हात फिरवण्यासाठी आणि संपर्क बघण्यासाठी असते. बारीक पेस्टने एक मिनिट. खड्डे काढण्यासाठी ते वापरले, तर पेस्ट सीटबरोबर व्हॉल्व्हचा फेसही तेवढाच खाते. फेसवर खाच पडते आणि तिच्या कडेला एक पायरी तयार होते. थंड असताना व्हॉल्व्ह त्या खाचेत नीट बसतो. गरम झाला की डोक्याचा व्यास वाढतो, पायरी सीटवर चढते आणि व्हॉल्व्ह अधांतरी राहतो. तुमची गरम झाल्यावरची थरथर यानेच येत असण्याची शक्यता मोठी आहे. फेसवर नख फिरवून बघा, पायरी लगेच लागेल. याच्या जोडीला टॅपेट गॅपही तपासा, कारण इतके घासल्यावर व्हॉल्व्ह वर सरकून ते कमी झालेले असते.

दुसरे नुकसान दिसत नाही. अनेक इंजिनांत सीट आणि व्हॉल्व्ह यांचे कोन मुद्दाम अर्धा ते एक अंशाने वेगळे ठेवतात. सीट 45 अंश असेल तर व्हॉल्व्ह 44 किंवा 44.5. त्यामुळे सुरुवातीला संपर्क फक्त कंबशन चेंबरच्या बाजूच्या बारीक रेघेवर होतो, दाब तिथे एकवटतो आणि इंजिन चालू लागल्यावर पट्टा आपोआप बसतो. लांबलेले लॅपिंग हा फरक घासून टाकते.

योग्य पद्धत अशी. स्टेमला इंजिन ऑइल लावा, म्हणजे पेस्ट गाईडमध्ये चढणार नाही. फेसवर बारीक पेस्टचे टाचणीच्या डोक्याएवढे तीन ठिपके, बस्स. रबरी कपाची काठी दोन्ही तळव्यांत धरून मागे-पुढे फिरवा, दर आठ-दहा फेऱ्यांनी व्हॉल्व्ह उचला आणि पाव फेरा फिरवून पुन्हा टेकवा. उचलला नाही तर पेस्ट एकाच रेषेत चर पाडते. अखंड राखाडी कडे दिसले की थांबा. दोन-तीन मिनिटांत खड्डा गेला नाही, तर तो पेस्टने जाणार नाही. तिथे कटर हवा. ड्रिल मशिनला स्टेम पकडून घासणारे लोक आहेत. त्यांना वेळ वाचल्यासारखे वाटते, पण पेस्ट गाईडमध्ये ओढली जाते आणि फेसवर चर उमटतात.

नायट्राइड केलेल्या किंवा फेसवर लेप असलेल्या व्हॉल्व्हना पेस्ट लावायचीच नाही. मॅन्युअलमध्ये लॅपिंगला मनाई लिहिली असेल, तर ती याच कारणाने असते. तिथे सीट अचूक कापायची आणि व्हॉल्व्ह नवा टाकायचा.

काम झाल्यावर धुणे हा निम्मा भाग आहे. आधी रॉकेल, मग गरम साबणाचे पाणी, गाईडमधून ब्रश, मग हवा. उरलेली सिलिकॉन कार्बाइडची पूड आधी गाईड खाते, नंतर ऑइलमध्ये उतरून रिंगा आणि बेअरिंग.

प्रश्न : हाताने फिरवायचा कार्बाइड पात्यांचा सीट कटर घेतला आहे, 30, 45 आणि 60 अंशांची डोकी आहेत. कोणते आधी, कोणते नंतर? आणि पट्टा चुकीच्या जागी पडला तर?

उत्तर : तिन्हींची कामे वेगळी आहेत. 45 अंशांचे डोके बसायची खरी जागा करते. 30चे डोके त्या जागेची वरची, म्हणजे कंबशन चेंबरकडची कड कापते. 60चे डोके पोर्टकडची खालची कड कापते. पट्टा कुठे आणि किती रुंद हे 30 आणि 60 ठरवतात. 45ने तो फक्त स्वच्छ आणि गोल करायचा.

गाईड ब्रशने साफ करून पायलट हाताने घट्ट बसवा, डुलता कामा नये. कटर हळूच टेकवा, आपटू नका, कार्बाइडचा टवका उडतो. फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. उलटा फिरवला की पात्याची धार जाते. दाब सरळ खाली आणि हलका, दांड्याच्या दोन्ही टोकांवर सारखा. दोन-तीन फेरे, उचला, कीस फुंका, बघा. जुन्या सीटवर तापून कडक झालेला थर असतो. 45 त्यावर घसरतो, म्हणून आधी 60चा एक हलका फेरा देऊन तो मोडला की पुढचे काम सोपे जाते. त्यानंतर 45, खड्डे जाईपर्यंत आणि एक फेराही जास्त नाही. मग ब्लू लावून पट्टा बघा.

पट्टा फेसच्या बाहेरच्या कडेकडे गेला असेल, तर 30ने वरून कापा. कड आत येते, पट्टा फेसवर खाली सरकतो. पट्टा स्टेमकडे, आतल्या बाजूला पडत असेल, तर 60ने खालून कापा आणि 45चा एक-दोन फेऱ्यांचा हात द्या. रुंदी जास्त आणि जागा बरोबर असेल, तर दोन्हींचे सारखेच थोडे थोडे फेरे. प्रत्येक फेरीनंतर ब्लू. घाईत दोन्ही बाजूंनी जास्त कापले गेले तर पट्टा अर्ध्या मिमीवर येतो. मग 45ने रुंद करावा लागतो आणि व्हॉल्व्ह उगाच आणखी खोल जातो.

सीटवर लाटांसारख्या खुणा पडल्या, तर कारणे तीन : पाती बोथट, पायलट सैल, नाहीतर दाब जास्त किंवा एका बाजूने. त्या खुणा पेस्टने घालवायच्या नाहीत. कारण दूर करून हलक्या हाताने पुन्हा कापायच्या.

दगड वापरत असाल तर तो हिऱ्याच्या ड्रेसरने कोनात आणा, आणि कडक एक्झॉस्ट सीटवर जवळजवळ प्रत्येक सीटला ड्रेस करा. दगड दोन सेकंद टेकवून उचलायचा, वजन त्याचे त्यालाच पुरते. झिजलेला दगड कोन चुकवतो आणि ते ब्लू लावेपर्यंत कळत नाही.

ओतीव लोखंडी हेडमध्ये बऱ्याचदा सीट वेगळी नसून हेडमध्येच इंडक्शनने कडक केलेली असते. तो कडक थर पातळ, सुमारे दीड मिमीचा. जुनी दुरुस्ती आधी झाली असेल, तर आणखी कापल्यावर मऊ लोखंड उघडे पडते आणि सीट लवकर खचते. तिथे नवी सीट रिंग, म्हणजे हेडमधल्या खाचेत बसणारे वेगळे कडे, बसवणेच बरे.

प्रश्न : सीट कापून घेतल्या, व्हॉल्व्हही मशिनवर फेस करून घेतले. जोडल्यावर टॅपेट गॅपच उरले नाही. काम करणाऱ्याची चूक का?

उत्तर : चूक असेलच असे नाही. हे भूमितीने होतेच, फक्त त्याने ते मोजून द्यायला हवे होते. 45 अंशांच्या पृष्ठावरून 0.10 मिमी काढले की व्हॉल्व्ह 0.14 मिमी खोल जातो, म्हणजे 1.41 पट. सीट आणि व्हॉल्व्ह दोन्हींवरून 0.10 मिमी काढले, तर 0.28 मिमी. तेवढेच स्टेमचे टोक कॅमकडे वर येते. इनटेकचे गॅप 0.20 मिमी असेल, तर ते गेले, आणि वर व्हॉल्व्ह 0.08 मिमी उघडाही राहिला. अशा गाडीला सुरू करू नका.

बकेटखाली (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या टोपीखाली) शिम, म्हणजे मापाची पातळ चकती, असेल तर तेवढी पातळ शिम टाका. शिमा टप्प्याटप्प्याच्या जाडीत मिळतात, आधी गॅप मोजून हिशोब करा. सर्वांत पातळ शिमेनेही भागत नसेल, किंवा अख्खी बकेटच वेगवेगळ्या जाडीची येत असेल, तर स्टेमचे टोक काटकोनात घासून घेतात. पण टोकाचा कडक थर पातळ असतो. पाव मिमीपर्यंत ठीक, अर्ध्या मिमीच्या पुढे मुळीच नाही. त्याहून जास्त लागत असेल तर नवा व्हॉल्व्ह किंवा नवी सीट रिंग हेच उत्तर.

हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरणारे) असेल तर ते काही प्रमाणात सांभाळून घेते, म्हणूनच तिथे फसगत होते. स्टेमची उंची मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर गेली की प्लंजर तळाला टेकतो आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. जोडण्याआधी स्प्रिंगच्या बैठकीपासून स्टेमच्या टोकापर्यंतची उंची मोजायची ती यासाठी.

स्प्रिंगही विसरू नका. व्हॉल्व्ह जितका खोल गेला, तितकी स्प्रिंगची बसलेली उंची वाढते आणि दाब कमी होतो. 30 न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग अर्धा मिमी सैल झाली, तर सीटवरचा दाब 15 न्यूटनने घटतो. स्प्रिंगखाली तेवढ्या जाडीची चकती टाकून उंची परत आणतात.

डिझेलमध्ये व्हॉल्व्हचे डोके हेडच्या पृष्ठापासून किती आत किंवा बाहेर आहे, हे डेप्थ गेजने मोजलेच पाहिजे. जास्त आत गेले तर कॉम्प्रेशनची जागा वाढते आणि थंडीत इंजिन सुरू होत नाही. हेडचे पृष्ठ प्लेन करून घेतल्यावर डोके बाहेर राहिले, तर पिस्टनला लागते.

प्रश्न : गाडी सीएनजीवर चालते. एक्झॉस्ट टॅपेटचे गॅप दर काही महिन्यांनी आवळते, पुन्हा ठेवले की पुन्हा तेच. टॅपेटचा आवाज मात्र कधीच येत नाही.

उत्तर : आवाज येत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. गॅप वाढले तर टॅपेट वाजते आणि लोक धावत येतात. गॅप कमी होते तेव्हा इंजिन गप्प होते आणि व्हॉल्व्ह जळतो. तुमच्या सीट खचत आहेत. कॅम किंवा टॅपेट झिजले असते, तर गॅप उलट वाढले असते.

कारण असे. दर वेळी व्हॉल्व्ह सीटवर आपटतो तेव्हा दोन गरम धातू सूक्ष्म ठिकाणी एकमेकांना चिकटतात आणि उघडताना कण ओढून काढतात. द्रव इंधन आणि त्यातले पदार्थ जळून तयार होणारा पातळ थर हे चिकटणे कमी करतो. शिसे असलेल्या पेट्रोलच्या काळात शिशाच्या क्षारांचा थर हेच काम करत असे, आणि शिसे गेल्यावर कडक सीटची गरज पडली. वायू इंधन कोरडे असते, तो थर बनतच नाही. मिश्रण पातळ असेल किंवा टायमिंग चुकलेले असेल, तर एक्झॉस्ट आणखी तापतो आणि खचणे वेगाने होते.

तात्पुरता उपाय म्हणजे गॅप नियमित तपासणे. दर 10,000 किमीला फीलर गेज घालून आकडे लिहून ठेवा. दोन तपासण्यांमधला फरक म्हणजे खचण्याचा वेग. गॅप कधीही मॅन्युअलपेक्षा कमी ठेवू नका. किटचे मिश्रण आणि इग्निशन टायमिंग तपासून घ्या. कायमचा उपाय म्हणजे वायू इंधनासाठी बनवलेल्या कडक मिश्रधातूच्या सीट रिंगा आणि त्यांना जुळणारे व्हॉल्व्ह. दोन्ही एकत्र बदला, कडक सीटवर मऊ फेस टाकला तर फेस खचतो. एक्झॉस्टचा पट्टा 2 मिमीच्या जवळ ठेवा, अरुंद पट्टा वायूवर टिकत नाही.

प्रश्न : ॲल्युमिनियम हेडमधली एक सीट रिंग सैल झाली आहे. चारी बाजूंनी ठोकून घट्ट करता येते, असे ऐकले.

उत्तर : ऐकले असेल, करू नका. गरम झाल्यावर ॲल्युमिनियम रिंगेपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि ठोकलेली कड सुटते. रिंग सिलिंडरमध्ये उतरली की पिस्टन, हेड आणि लायनर तिन्ही जातात.

जुनी रिंग छिन्नीने उचकटू नका, खाच खराब होते. ती आतून कापून पातळ करतात आणि मग सोडवतात, किंवा रिंगेच्या आतल्या बाजूला वेल्डिंगचा एक पूर्ण गोल थर देतात. थंड होताना तो थर आकसतो आणि रिंग स्वतःहून मोकळी होते. हेडच्या बाकीच्या भागावर ठिणग्या पडणार नाहीत, याची सोय आधी करा.

सैल झालेल्या रिंगेची खाच गोल उरलेली नसते. ती मोठ्या मापावर बोअर करून ओव्हरसाइज रिंग घ्यायची. रिंग खाचेपेक्षा साधारण 0.10 मिमी मोठी हवी. आता गणित बघा. खाच 36 मिमी व्यासाची असेल आणि हेड 25 अंशांवरून 125 अंश सेल्सिअसला तापवले, तर ती सुमारे 0.08 मिमीने उघडते. रिंग फ्रीझरमध्ये उणे 20 अंशांवर ठेवली, तर 0.02 मिमीने आकसते. दोन्ही मिळून 0.10 मिमी. म्हणजे रिंग जेमतेम उतरते, आणि हातात दोन-चार सेकंदच मिळतात. ड्राय आइसवर ठेवली तर सवलत वाढते.

हेड ओव्हनमध्येच तापवा, सर्वत्र सारखे. गॅसच्या ज्योतीने एका बाजूला तापवलेले हेड वाकते. 150 अंशांच्या पुढे नेऊ नका, ॲल्युमिनियमचा कडकपणा उतरू लागतो. ऑइल सील आधी काढून टाका. रिंगेची उतरती कड खाली, गाईडमध्ये मार्गदर्शक दांडा घालून एकाच सरळ ठोक्यांच्या मालिकेत बसवा. तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलून भरीव होतो. मग दोघांचे तापमान एक होईपर्यंत वरून दाबून धरा, नाहीतर रिंग किंचित वर उचलली जाते. खाली फट राहिली की उष्णता जायला वाट उरत नाही आणि ती रिंग महिन्याभरात पुन्हा सैल. गाईड बदलायचे असेल तर ते आधी, सीट कापणे सर्वांत शेवटी.

थोडक्यात

नव्या कापलेल्या सीटमधून रॉकेल झिरपते. काम देणारा म्हणतो, चालवल्यावर बसेल. — व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि लॉक (स्प्रिंगला स्टेमवर धरून ठेवणारे तुकडे) बसवून, हेड उलटे ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि पाच मिनिटे थांबा. पोर्टमध्ये किंचित ओल चालते. थेंब पडत असतील तर परत पाठवा. एक-दोन वेळा स्टेमच्या टोकावर रबरी हातोडीने टिचकी देऊन पुन्हा भरा, लॉक बसताना व्हॉल्व्ह तिरका राहिला असेल तर तेवढ्याने सुटतो. चाचणीला पेट्रोल वापरू नका. पेट्रोल पातळ असल्यामुळे बऱ्या सीटमधूनही झिरपते, आणि आग लागते ती वेगळीच.

टायमिंग बेल्ट तुटला, सोळापैकी सहा व्हॉल्व्ह वाकले. बाकीचे दहा ठेवू का? — प्रत्येकाचा लपका मोजून 0.05 मिमीच्या आत असेल तरच. वाकलेल्या सहांचे गाईडही तपासा, स्टेम वाकताना गाईडचे तोंड फुटते. नवे व्हॉल्व्ह टाकल्यावर त्या सीटला ब्लू लावून संपर्क बघितल्याशिवाय हेड बंद करू नका.

व्हॉल्व्ह एकमेकांत मिसळले. फरक पडेल का? — सीट आणि फेस दोन्ही नव्याने कापणार असाल, तर सीटच्या बाबतीत पडत नाही. पण स्टेम आणि गाईड एकमेकांना धरून झिजलेले असतात, त्यामुळे मोकळीक सगळीकडे पुन्हा मोजा. लॅपिंग झाल्यावर मिसळले असतील, तर प्रत्येक जोडीचे लॅपिंग पुन्हा. पुढच्या वेळी पुठ्ठ्यावर भोके पाडून क्रमाने ठेवा, पुढची बाजू लिहायला विसरू नका.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले आहेत. फेस घासता येतो का? — निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत फेस घासता येतो, पण लेथवर कापू किंवा भोक पाडू नका. आतले सोडियम पाण्याशी भडकून प्रतिक्रिया देते. बाद झालेले असे व्हॉल्व्ह भंगारात टाकताना त्यावर तसे लिहून वेगळे द्या.